सोयाबीन विकले स्वस्त, तेल घेतले महाग

निपाणी-चिकोडी भागातल्या पुष्कळ घरांना 2024 च्या दसरा-दिवाळीत दोन्ही बाजूंनी फटका बसला. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात 4,892 रुपये होता, पण बाजारात क्विंटलला चार ते साडेचार हजारच हाती पडत होते. त्याच दिवसांत फराळाच्या तेलाची पिशवी वीस-पंचवीस रुपयांनी महागली. शेतकरी तोच आणि गिऱ्हाईकही तोच, तरी दोन्ही व्यवहारांत तोटा त्याचाच.

तेल महागण्याचे कारण दिल्लीत होते. 14 सप्टेंबर 2024 रोजी केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केले. अधिभार धरून ते 27.5 टक्के झाले, तर रिफाइंड तेलावर 35.75 टक्के. देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून शुल्क वाढवले, असे सांगितले गेले. जुन्या शुल्कात आलेला सुमारे 30 लाख टन साठा तेव्हा देशात होता. तो 45 ते 50 दिवस पुरला असता. तो संपेपर्यंत दर वाढवू नका, असे केंद्राच्या अन्न खात्याने कंपन्यांना बजावले. बेळगावच्या रविवार पेठेत काय नि निपाणीत काय, दर वाढवायला कोणी पन्नास दिवस थांबले नाही.

मग सोयाबीनचा भाव का नाही वाढला? याचे उत्तर दाण्यातच आहे. क्विंटलभर सोयाबीन गाळले तर तेल निघते जेमतेम 18 किलो. उरलेली 80 किलोच्या आसपास पेंड असते. ती कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. त्यामुळे सोयाबीनचा भाव ठरवताना गिरणीवाला तेलाइतकाच, किंबहुना जास्तच, पेंडेकडे बघतो. त्या वर्षी पेंडेचा भाव पडलेला होता. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले आणि त्यांतून उरणारा प्रथिनयुक्त चोथा खाद्यवाल्यांना स्वस्तात मिळू लागला. तेलात जे कमावले ते पेंडेत गेले आणि शेतकऱ्यापर्यंत काही आले नाही. शेतकऱ्याच्या नावाने शुल्क वाढवताना पेंडेचा विचार न करणे ही माझ्या मते धोरणातली मोठी चूक होती. पुढे मे 2025 च्या अखेरीस कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क निम्मे, म्हणजे 10 टक्के झाले.

आपल्या भागात दराची चर्चा निघाली की महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याचा विषय येतोच. डिझेलसाठी हद्द ओलांडणारे इथे पाहिले आहेत. तेलाचे तसे नाही. 1 जुलै 2017 पासून महाराष्ट्रातल्या कागलात आणि कर्नाटकातल्या निपाणीत खाद्यतेलावर तोच 5 टक्के जीएसटी आहे. फरक पडतो तो सरकारी वाटपात. 2022 च्या दिवाळीत महाराष्ट्राने ‘आनंदाचा शिधा’ दिला. शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि लिटरभर पामतेल कागलच्या शिधापत्रिकेवर मिळाले, काही मैलांवरच्या निपाणीत नाही. त्याच वर्षी युक्रेनचे युद्ध पेटले, इंडोनेशियाने 28 एप्रिलपासून जवळपास महिनाभर पामतेलाची निर्यात बंद ठेवली आणि सूर्यफूल तेल लिटरला दोनशेच्या घरात गेले. सूर्यफूल पिकवण्यात कर्नाटक देशात आघाडीवर. पण 1990 च्या दशकात देशात पंचवीस लाख हेक्टरांच्या पुढे गेलेले हे पीक आता काही लाखांवर आले आहे. काळ्या समुद्रातली जहाजे अडली की आपली कढई अडते, ती यामुळेच.

दुकानातला दर वाचतानाही जपावे लागते. तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून एक लिटर भरते साधारण 910 ग्रॅम. डबा घेताना हा फरक मोठा होतो. 15 लिटरच्या डब्यात तेल असते सुमारे 13 किलो 650 ग्रॅम. शेजारच्या 15 किलोच्या डब्यापेक्षा ते 1 किलो 350 ग्रॅमने कमी. तेल 140 रुपये किलो असेल तर हा फरक 189 रुपयांचा. लिटरचा डबा शंभर रुपयांनी स्वस्त दिसला तरी महागच पडतो. 2022 मध्ये ठरावीक वजनाच्याच पिशव्यांचे बंधन उठले, तेव्हापासून 850, 800 ग्रॅमच्या पिशव्याही लिटरच्या पिशवीला खेटून मांडलेल्या असतात. छापील किमतीजवळ बारीक अक्षरात ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर देणे बंधनकारक आहे. तोलून पाहायचा तो हाच आकडा.

वापराचेही बघायला हवे. नीती आयोगाच्या 2024 च्या अहवालानुसार देशात माणशी वर्षाला 19.7 किलो तेल लागते. पोषणतज्ज्ञांची शिफारस 12 किलोच्या आसपास आहे. म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला चार किलो पुरावे, तिथे हॉटेलातली भजी नि दुकानातले फरसाण धरून साडेसहा किलो जाते.

आमच्याकडे भाकरी-चटणीवर कच्चे शेंगतेल घेण्याची चव अजून टिकून आहे, आणि लाकडी घाणेही पुन्हा दिसू लागले आहेत. त्यांचा दर ऐकून लोक मागे फिरतात. तो का चढा असतो ते समजून घ्यावे. किलोभर तेलाला अडीच किलोच्या आसपास शेंगदाणे लागतात. दाणे 110 रुपये किलो धरले तर नुसत्या दाण्यांचेच 275 रुपये झाले. पेंड विकून थोडे वसूल होते, पण मजुरी आणि वीज वर चढते. कोणी घाण्याचे म्हणून 180 रुपयांना देत असेल तर घेण्याआधी चौकशी करावी.

सोयाबीन असे घाण्यावर परवडत नाही. त्यात तेल इतके कमी की ते द्रावक वापरणाऱ्या मोठ्या कारखान्यातच काढावे लागते. त्यामुळे सोयाबीनवाल्याला मिळेल त्या भावात विकण्यावाचून गत्यंतर नसते. शेंगा पिकवणारा मात्र पोतेभर दाणे घेऊन घाण्यावर जातो, गाळणावळ देतो आणि तेलाबरोबर म्हशीसाठी पेंडही घरी आणतो. त्याला त्या दिवशीचा बाजारभाव विचारावा लागत नाही.