नुसतं विचारलं, तरी उठतो शिक्का

मे सरत आला की बाभुळगावातल्या बँकांसमोर गर्दी वाढते. मृग तोंडावर, बियाणं-खत घ्यायचं, मागचं पीककर्ज नवं-जुनं करायचं. या गर्दीत हल्ली एक शब्द सारखा कानावर पडतो: सिबिल. ‘त्याचं सिबिल बिघडलं’ हे लोक ‘त्याची शुगर वाढली’ याच सुरात सांगतात. खरं तर सिबिल हे 2000 साली मुंबईत स्थापन झालेल्या एका कंपनीचं नाव. पण वनस्पती तुपाला जसं डालडा, तसं हे नाव कर्जदाराची पत सांगणाऱ्या आकड्यालाच चिकटलं. असा आकडा काढणाऱ्या कंपन्या देशात चार आहेत, हे त्या रांगेत कोणाच्या गावीही नसतं.

आकडा 300 ते 900 मधला. हप्ता थकला की तो घसरतो, यात नवल काहीच नाही. नवल वेगळंच आहे. एक रुपया न घेता, नुसता कर्जाचा अर्ज केला तरी तो हलू शकतो!

अर्ज आला की बँक या कंपन्यांकडून तुमच्या कर्जांचा अहवाल मागवते, आणि मागवल्याची नोंद त्याच अहवालात होते. कोणी विचारलं, कोणत्या तारखेला, कशासाठी, किती रकमेसाठी. गंमत म्हणजे कर्ज मिळालं की नाही, हे त्या ओळीत नसतंच. पुढच्या बँकेतला माणूस वाचतो तेव्हा त्याला दिसतं ते एवढंच: दोन महिन्यांत चार ठिकाणी विचारणा, आणि खाली नवं कर्ज एकही नाही. उरलेली गोष्ट तो मनातल्या मनात रचतो.

ज्यांनी नो-ड्यूजचे दिवस पाहिलेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. तेव्हा पीककर्जासाठी शेतकरी एकेका बँकेत जायचा, ‘याच्याकडे आमचं काही येणं नाही’ असा शिक्का मारून घ्यायचा, आणि तो कागद घेऊन पुढच्या दारात उभा राहायचा. भर उन्हात आठवडा जायचा. आता तोच प्रश्न तारेवरून काही सेकंदांत फिरून येतो. शिक्का मात्र अजून उठतोच, फक्त उठताना दिसत नाही.

पण विचारण्यात वाईट काय? याचं उत्तर शोधायला अमेरिकेत जावं लागतं. 1956 साली कॅलिफोर्नियात बिल फेअर हा अभियंता आणि अर्ल आयझॅक हा गणिती, दोघांनी मिळून एक कंपनी काढली. कर्ज कोण फेडेल हे साहेबाच्या नजरेवर न सोडता आकड्यांवरून ताडायचं, हा त्यांचा धंदा. आज तिला फायको म्हणतात. जुन्या कर्जदारांच्या नोंदी चाळताना एक गोष्ट वर आली: ज्यांच्या नावावर सहा किंवा जास्त चौकशा, त्यांची दिवाळखोरीत जाण्याची शक्यता एकही चौकशी नसलेल्यांच्या आठपटीपर्यंत असू शकते, असं फायको सांगते. चौकशीमुळे माणूस बुडतो असं नव्हे. बुडायला लागलेला माणूस आधी चार दारं ठोठावतो, एवढंच.

पण दारं ठोठावणारा प्रत्येक जण बुडतच असतो का? कापूस विकायला निघालेला माणूस चार ठिकाणी भाव विचारतो, त्याला आपण शहाणा म्हणतो. तोच माणूस चार कृषी केंद्रांत उधारी मागत फिरला, तर संध्याकाळपर्यंत गावात कुजबुज सुरू होते. फायकोच्या सूत्रालाही हा फरक करावा लागला. घर, गाडी किंवा शिक्षणाच्या कर्जासाठी ठरावीक मुदतीत, नव्या आवृत्त्यांत 45 दिवसांत, केलेल्या चौकशा ते एकच धरतं. म्हणजे यंत्राला भाव विचारणं नि उधारी मागणं वेगळं ओळखायला शिकवावं लागलं.

मला सगळ्यांत भावतं ते या सूत्राचं विसरणं. फायकोच्या हिशेबात एका चौकशीने बहुतेकांचे 5 पेक्षा कमी गुण जातात. ओळ अहवालात 2 वर्षं दिसते, पण गुणांत धरतात ती फक्त 12 महिने. मग एके दिवशी काहीही न करता, माणूस कापूस वेचत असताना किंवा नुसता झोपलेला असताना, त्याच्यावरचा तेवढा भार उतरतो. सावकाराच्या वहीला ही सोय कधी नव्हती. आपल्याकडे सिबिलने सूत्र असं उघडं केलेलं नाही. थोड्या काळात बरेच अर्ज केले तर आकड्यावर परिणाम होतो, इतकंच ती कंपनी सांगते. ज्याची नोंदवही अजून कोरीच आहे, अशाला हे जास्त लागतं. भरल्या रांजणातून एक तांब्या गेला तर कळत नाही, लोट्यातून गेला तर कळतं.

स्वतःचा अहवाल स्वतः पाहिला तर मात्र एकही गुण जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. तरी ‘बघू नको, सिबिल उतरेल’ असं छातीठोक सांगणारे प्रत्येक पानटपरीवर भेटतात.

पीककर्जाचं काय? मे 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं, की शेतीकर्जाला सिबिलची अट घालू नका. ट्रॅक्टर, मोटरसायकल, हप्त्यावरचा मोबाइल यांची गोष्ट निराळी. तिथे दुकानातला फायनान्सवाला पोरगा तुमचा एकच अर्ज दोन-तीन कंपन्यांकडे टाकून बघतो. ‘कुठे तरी बसेल,’ म्हणतो. तुमच्या लेखी तो एक अर्ज, अहवालात मात्र तीन ओळी.

2024 पासून अशी विचारणा झाली की ग्राहकाला मेसेज किंवा ईमेल पाठवणं या कंपन्यांना बंधनकारक आहे. तेव्हा धुऱ्यावर बसून डबा उघडताना फोन वाजला आणि इंग्रजीत काही तरी आलं, तर जाहिरात समजून लगेच पुसू नका. कोणी तरी कुठे तरी तुमचं नाव घेऊन तुमच्याबद्दल विचारतंय.