मोटारमालकांचें समाधान कितपत प्रमाण मानावें ?

हल्लीं वर्तमानपत्राचें पान उलटावें तों मोटारीची एखादी सचित्र जाहिरात दृष्टीस पडते, आणि तिच्या कोपऱ्यांत 'ग्राहक-समाधानांत प्रथम क्रमांक' अशा अर्थाचा शिक्का बहुधा उठविलेला असतो. एके काळीं मोटार ही जहागीरदारांच्या व बड्या वकिलांच्या दारीं शोभणारी वस्तु होती. आज परभणी जिल्ह्यांतील आमच्या ताडकळसासारख्या गांवींही मध्यम स्थितीच्या कुटुंबाच्या अंगणांत एम. एच. २२ या खुणेची गाडी उभी असलेली दिसते. ती घेण्यासाठीं कोणीं भविष्यनिर्वाह निधींतून रक्कम उचललेली असते, कोणीं बँकेचें पांच-सात वर्षांचें कर्ज डोक्यावर घेतलेलें असतें. त्याच गाडींतून म्हातारी माणसें परभणीस किंवा नांदेडास दवाखान्यांत न्यावयाचीं असतात, आणि मुलेंबाळें लग्नकार्यास न्यावयाचीं असतात. म्हणजे द्रव्य आणि प्राण हीं दोन्ही एकाच निवडीवर अवलंबून असतात. अशा वेळीं जाहिरातींतील त्या शिक्क्यावर गृहस्थानें किती विसंबावें, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. त्याचाच थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही समाधानाची पाहणी म्हणजे काय, तें पाहूं. गाडी विकत घेतलेल्या कांहीं मालकांस प्रश्नपत्रिका देतात. गाडी कशी वाटली, कोणते बिघाड झाले, गॅरेजांत वागणूक कशी मिळाली, असे प्रश्न तींत असतात. उत्तरांस गुण देऊन मग गाड्यांची किंवा कंपन्यांची प्रतवारी लावतात. या उद्योगांतील प्रसिद्ध संस्था जे. डी. पॉवर ही १९६८ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत निघाली. तिच्या आरंभीच्या काळांतील एक हकीकत मननीय आहे. माझदा कंपनीच्या गाड्यांत त्या वेळीं रोटरी पद्धतीचें एंजिन नव्यानेंच बसविलें जात होतें. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत या संस्थेनें मालकांकडून टपालानें उत्तरें मागविलीं, तेव्हां पुष्कळ प्रवास झालेल्या अनेक गाड्यांत एंजिनाची एक रबरी सीलकडी निकामी होत असल्याचें उघडकीस आलें. ही बातमी वर्तमानपत्रांत आली आणि संस्थेचें नांव सर्वतोमुखीं झालें. कारखानदार जें सांगत नाहीं तें मालकांची साक्ष काढल्यानें असें बाहेर पडतें. म्हणून या पाहण्या सर्वस्वीं निरर्थक आहेत असें म्हणणें अन्यायाचें होईल.

परंतु साक्ष ही साक्ष म्हणूनच तपासली पाहिजे. न्यायशास्त्रानें प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानिलीं आहेत. मोटार आपण स्वतः चालवून पाहिली तर तें प्रत्यक्ष, आणि दुसऱ्यानें सांगितलेलें मानलें तर तें शब्द. शब्द प्रमाण केव्हां ? तर तो आप्ताचा असेल तेव्हां. आणि येथें आप्त म्हणजे सोयरा नव्हे. ज्यानें वस्तु जशी आहे तशी जाणिली आहे, आणि जाणिली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायनानें तर हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लागू केलें आहे. म्हणजे पाहावयाचें तें साक्षीदाराचें ज्ञान आणि त्याची सचोटी, त्याची प्रतिष्ठा नव्हे. जुन्या ग्रंथकारांनीं साक्षीस बाधक असे चार दोष गणिले आहेत : भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा आणि करणापाटव. विपरीत समजूत, अनवधान, फसविण्याची इच्छा आणि इंद्रियांची असमर्थता, असे त्यांचे अनुक्रमें अर्थ होत. हे चारही दोष मोटारमालकांच्या समाधानांत कसे शिरतात, तें एकेक करून पाहूं.

पहिला भ्रम. ज्या गृहस्थानें आठ-दहा लाख रुपये मोजले, त्यास 'आपली निवड चुकली' असें स्वतःशीं कबूल करणेंही जड जातें. तो आपल्या गाडीचा पक्षपाती होतो, आणि त्यांत लबाडी नसते. याचें ठळक उदाहरण अमेरिकेंतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या मासिकाच्या पाहणींत सांपडतें. हें मासिक काढणारी संस्था १९३६ सालीं स्थापन झाली. ती जाहिराती घेत नाहीं, आणि तपासावयाच्या गाड्या स्वतः पैसे देऊन विकत घेते. २०१५ सालीं तिनें टेस्ला कंपनीच्या 'मॉडेल एस' या गाडीच्या मालकांस विचारलें, तेव्हां शेकडा ९७ जणांनीं हीच गाडी पुन्हां घेऊं म्हणून सांगितलें. परंतु मालकांनींच कळविलेल्या बिघाडांचा हिशेब केला असतां त्या गाडीचा भरंवसा सरासरीहून खालीं उतरला ! ताळा असा कीं, समाधान हें बिघाडांच्या संख्येवर ठरत नाहीं. अपेक्षा, हौस आणि अभिमान यांचें मिश्रण त्यांत असतें. म्हणून 'समाधानी आहांत काय ?' या प्रश्नाचें उत्तर आणि 'काय मोडलें ?' या प्रश्नाचें उत्तर हीं निरनिराळीं ठेवूनच वाचावींत.

दुसरा प्रमाद. जे. डी. पॉवरची एक नामांकित पाहणी गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांपुरतीच असते. त्या अवधींत दर १०० गाड्यांमागें किती अडचणी आल्या, तो आंकडा ती देते. नव्याचे नऊ दिवस अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें नऊंचे नव्वद झाले, इतकाच फरक. दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतलेल्या गाडीविषयीं संक्रांतीच्या सुमारास विचारलें, तर त्या गाडीनें आमच्याकडील वैशाखाचें ऊन पाहिलेलें नसतें, आणि आषाढांतील काळ्या जमिनीचा चिखलही पाहिलेला नसतो. शिवाय अशा मोजणींत पडद्यावरील खुणा समजत नाहींत ही तक्रार आणि एंजिन बंद पडलें ही तक्रार, दोन्ही एकेक अडचण म्हणूनच गणल्या जातात. हीच संस्था तीन वर्षें जुन्या गाड्यांचीही पाहणी करते. गृहस्थाच्या दृष्टीनें ती अधिक उपयोगाची, कारण तोंपर्यंत हौस ओसरलेली असते आणि खर्चाच्या पावत्या हातीं आलेल्या असतात.

तिसरा दोष विप्रलिप्सा. हा मालकापेक्षां मधल्या माणसांतच अधिक दिसतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांस गाडी ताब्यांत देतांना शोरूममधील तरुण विक्रेत्यानें काकुळतीनें सांगितलें कीं, "काका, कंपनीकडून फोन येईल. दहापैकीं दहाच गुण द्या. नऊ दिले तरी आमचा पगार कापला जातो." गृहस्थ स्वभावानें भिडस्त; त्यांनीं दहा दिले, आणि दाराच्या रबरांतून पाणी गळत होतें तें सांगावयाचें राहून गेलें. असा अनुभव एकट्या त्यांचाच नाहीं. कंपनीनें आपल्याच ग्राहकांस फोन करून जमविलेले गुण आणि तिऱ्हाईत संस्थेनें केलेली पाहणी यांत म्हणूनच मोठें अंतर आहे. तिऱ्हाईत संस्थेच्या बाबतींतही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जे. डी. पॉवरच्या पारितोषिकाचा उल्लेख जाहिरातींत करावयाचा झाल्यास कंपनीस त्या संस्थेला परवान्याचें शुल्क द्यावें लागतें. यावरून निकाल खोटा ठरत नाहीं. मात्र जो निकाल जाहिरातींत झळकतो तो निवडून झळकविलेला असतो, आणि ज्या पाहणींत कंपनी सातवी आली तिचा शिक्का कोणी छापीत नाहीं.

चौथा दोष करणापाटव, आणि आमच्या मतें हाच सर्वांत घातक. मालक कितीही सत्यवादी असला, तरी जें त्याच्या इंद्रियांस कळूंच शकत नाहीं त्याची साक्ष तो कशी देणार ? २०१५ च्या सप्टेंबरांत फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांचें प्रकरण अमेरिकेंत उघडकीस आलें. परीक्षा चालू आहे हें ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारी युक्ति त्या गाड्यांच्या संगणकांत बसविलेली होती. रस्त्यावर मात्र नायट्रोजनचे विषारी वायु मर्यादेच्या कित्येक पट बाहेर पडत. जगांत अशा गाड्या सुमारें १ कोटि १० लाख निघाल्या. आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या तपासणीनंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, कंपनीनें सुमारें ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविण्याचें जाहीर केलें. गाडी चपळ होती आणि तेल बेतानें पीत होती. मग मालकानें तक्रार करावी ती कशाची? हा दोष सांपडला तो रस्त्यावर चालत्या गाडीस मापनयंत्रें जोडली तेव्हां.

याहूनही अधिक जिव्हाळ्याचें उदाहरण २०१४ च्या जानेवारींतील आहे. 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेनें हिंदुस्थानांत खपणाऱ्या पांच लहान गाड्या, एअरबॅग नसलेल्या स्वस्त नमुन्यांत, ताशीं ६४ किलोमीटर वेगानें समोरून आदळवून पाहिल्या. मारुति अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो या पांचही गाड्यांस प्रौढ प्रवाशांच्या रक्षणासाठीं एकही तारा मिळाला नाहीं. त्याच पोलोस दोन एअरबॅग बसवून पुन्हां आदळविली, तेव्हां तिला चार तारे मिळाले. आतां हें लक्षांत घ्यावें कीं, मारुति सुझुकी ही कंपनी त्यापूर्वीं दहा वर्षांहून अधिक काळ जे. डी. पॉवरच्या दुरुस्तीसेवेच्या पाहणींत सलग पहिली येत होती. या दोन निकालांत विरोध मुळींच नाहीं. गॅरेजांतील वागणूक मालकानें अनुभविली होती, म्हणून तेथें त्याची साक्ष खरी. अपघातांत गाडीचा सांगाडा टिकेल कीं नाहीं, हें अपघात न झालेल्या मालकास ठाऊक नसतें. आणि ज्यास तें प्राणांतिक रीतीनें कळलें, तो प्रश्नपत्रिका भरावयास उरत नाहीं.

साक्षीदारांच्या गुणदोषांनंतर त्यांच्या निवडीचा विचार येतो. १९३६ सालीं अमेरिकेंतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं सुमारें १ कोटि मतपत्रिका धाडल्या आणि २३ लाखांवर उत्तरें मिळविलीं. लँडन निवडून येणार असें भाकीत त्यानें केलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट ४८ पैकीं ४६ संस्थानांत विजयी झाले. पत्ते जमविले होते ते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून, म्हणजे मंदीच्या त्या दिवसांतील सुस्थित लोकांचे. शिवाय उत्तर धाडण्याची उत्सुकता ज्यांस होती तेवढ्यांचीच मतें हातीं आलीं. आपल्याकडील मोटारींच्या पाहण्या बहुधा निवडक शहरांत होतात. तेथील मालकाच्या समाधानांत पूर्णा तालुक्यांतील खड्डे येत नाहींत, आणि सुटा भाग मागविल्यावर त्याची किती दिवस वाट पाहावी लागते तेंही येत नाहीं.

संख्येचाही विचार हवा. कोणत्याही पक्षपाताशिवाय निवडलेल्या १०० मालकांपैकीं १० जणांनीं बिघाड सांगितला, तर खरें प्रमाण शेकडा ४ पासून १६ पर्यंत कोठेंही असूं शकतें; १००० मालक असल्यास ही कक्षा ८ ते १२ इतकी अरुंद होते. म्हणून १००० पैकीं पांच-दहा गुणांच्या फरकानें जी गाडी पहिली आणि जी तिसरी ठरली, त्या दोहोंत खरोखर कांहीं अंतर असेलच असें नाहीं.

हा भेद आमच्याकडील शेतकऱ्यास नव्यानें शिकवावयास नको. नजर पैसेवारी आणि पीक कापणी प्रयोग यांतील अंतर तो जाणतो. बांधावर उभें राहून 'यंदा पीक बरें दिसतें' म्हणणें वेगळें, आणि चिठ्ठी टाकून निवडलेल्या शेतांतील मोजून आंखलेला तुकडा कापून, मळून, दाणे वजन करणें वेगळें. ही दुसरी पद्धति आपल्या देशांत शास्त्रशुद्ध पायावर उभी करण्यांत, १९४० नंतरच्या दशकांत, सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. वि. गो. पानसे यांचा वांटा मोठा आहे. मोटारीचें समाधान ही नजर पैसेवारी होय. बिघाडांची मोजणी आणि यंत्रानें केलेली चाचणी हे कापणीचे प्रयोग होत. नजर पैसेवारी अगदींच टाकाऊ नसते, परंतु दुष्काळ ठरवितांना केवळ तिच्यावर कोणी विसंबत नाहीं.

तेव्हां गृहस्थानें काय करावें ? समाधानाचा आंकडा समोर आल्यास चार प्रश्न विचारावे : कोणास विचारलें, गाडी घेतल्यावर किती दिवसांनीं विचारलें, नेमकें काय विचारलें, आणि खर्च कोणीं केला ? यांचीं उत्तरें जाहिरातींत नसल्यास तो आंकडा शोभेचा समजावा. गॅरेजांतील वागणूक, वरचेवर होणारे बिघाड, तीन वर्षांतील खर्च, या बाबतींत पुष्कळ मालक एकच सांगत असतील तर तें खुशाल मानावें. प्रवाशांच्या जिवाच्या बाबतींत मात्र कोणाच्याही समाधानावर जाऊं नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली आहे. ती ऐच्छिक असल्यानें प्रत्येक गाडीचा निकाल मिळेलच असें नाहीं. पण मिळत असेल तर तो पाहिल्याशिवाय विसार देऊं नये, आणि जो नमुना आपण घेणार तोच आदळविला होता कीं काय, हेंही विचारून घ्यावें.

शेवटीं, आपल्याच रस्त्यांवर तीन-चार वर्षें तीच गाडी चालविणारे चार-पांच मालक गांठावे. 'गाडी कशी आहे ?' असें त्यांस विचारूं नये. त्याचें उत्तर 'उत्तम' हेंच येणार. गेल्या वर्षांत ती कितीदां गॅरेजांत गेली, काय बदलावें लागलें, किती रुपये लागले आणि भाग येण्यास किती दिवस गेले, तें विचारावें. चार-पांच माणसांवरून गाडीची जात ठरत नाहीं, हें खरें. त्यासाठीं मोठी पाहणी हवी. पण मोठ्या पाहणीस आमचा रस्ता ठाऊक नाहीं, आणि शेजाऱ्यास तो ठाऊक आहे. दोहोंची साक्ष घ्यावी, ज्यानें जें प्रत्यक्ष पाहिलें तेवढ्यापुरतीच ती मानावी, आणि मगच कर्जाच्या कागदावर सही करावी.