एसी रात्री टक् का म्हणतो?

रनाळ्यात मे महिन्यातली दुपार कशी असते, हे नंदुरबारकडच्या मुलांना सांगायला नको. पारा चाळीसच्या वर आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. घरोघरी कूलर घोंघावत असतात. पण कूलरच्या आवाजाबद्दल कुणी तक्रार करतं का? छे! त्याचा गोंगाट गृहीतच धरलेला. एसीचं मात्र उलटं. तो शांत असतो, म्हणून त्याचा बारीकसा आवाजही कानात शिरतो. रात्री दिवे मालवले की भिंतीवरून येतं, 'टक्!' आजी झोपेतच विचारते, "काय वाजी राहिनं रे ते?"

आजीला सांगा, काही नाही, प्लास्टिक आक्रसलं. एसीचं प्लास्टिकचं कव्हर दिवसभर तापून फुगलेलं असतं. थंड हवा लागली की ते आकसतं. आतला धातूही आकसतो, पण प्लास्टिकपेक्षा कितीतरी कमी. मग दोघांची ओढाताण होते, जोड किंचित सरकतो आणि टक्! म्हणून हा आवाज बहुतेक वेळा एसी चालू केल्यावर किंवा बंद केल्यावर येतो. गुपित इथेच आहे बरं का: आवाज कसा आहे यापेक्षा तो *केव्हा* येतो, ते आधी टिपायचं.

एसी बंद केल्यावर 'स्स्स' ऐकू येतं? आतल्या नळ्यांमधून एक खास वायू फिरत असतो. आजकाल बऱ्याच एसींत आर-३२ नावाचा असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे ५२ अंशांच्या आसपासच उकळतो! कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मग बाहेरच्या युनिटमध्ये उष्णता सोडून तो द्रव होतो. एका बाजूला जास्त दाब, दुसऱ्या बाजूला कमी. कॉम्प्रेसर थांबला की दोन्हीकडचे दाब सारखे होऊ लागतात, तोच हा फुसफुसाट. दाब सारखे व्हायला काही मिनिटं लागतात, म्हणून एसी बंद करून लगेच चालू केला तरी कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटं हट्टाने गप्प बसतो. पण 'स्स्स' सतत येत असेल आणि खोलीही गार होत नसेल, तर वायू गळत असण्याची शक्यता आहे.

आता माझा आवडता आवाज, 'पोक्-पोक्, गुडगुड'. थंड नळ्यांवर हवेतली वाफ जमते आणि ते पाणी पाइपातून बाहेर जातं. दारं-खिडक्या बंद आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असला, तर घर बाहेरची हवा मिळेल तिथून ओढतं. कधीकधी ती या पाइपातूनच उलटी वर येते आणि साचलेल्या पाण्यात बुडबुडे फुटतात. प्रयोग करा: एक खिडकी उघडा. आवाज थांबला? चोर सापडला! नाही थांबला, तर पाइपाचं तोंड बघा. कुंभारीण माशीला असली भोकं घरट्यासाठी फार आवडतात. मातीने तोंड बुजलं की पाणी खोलीत टपकतं.

बाहेरच्या युनिटची 'हम्म' बऱ्याचदा घरातल्या विजेमुळे असते. वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. प्रत्येक हेलकाव्यात चुंबक दोनदा ओढतो, म्हणजे सेकंदाला १०० कंपनं. युनिट पत्र्यावर ठेवलं असेल तर अख्खा पत्रा गुणगुणायला लागतो! तिथे दोष एसीचा नसतो, खाली रबर नसल्याचा असतो.

खरी कटकट धुळीची. आपल्याकडे हिवाळ्यात पथारीवर मिरच्या वाळतात, कापूस उडतो, वारा धूळ आणतो, आणि तेव्हा एसी बंद पडून असतो. आतल्या लांबट पंख्यावर एका बाजूला धूळ जास्त साचली, तर तो एका बाजूला माती चिकटलेल्या भोवऱ्यासारखा थरथरतो. मग 'धड्-धड्'. जाळी तुम्ही मोठ्यांसोबत धुवू शकता, पंखा मात्र मेकॅनिककाकांसाठी ठेवा.

आणि कर्कश किंचाळी, धातूवर धातू घासल्याचा खरखराट किंवा जळका वास? लगेच मोठ्यांना बोलवा आणि मेन स्विच बंद करायला सांगा. बाहेरच्या युनिटचं झाकण मात्र कधीच उघडू नका. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका विद्युतभार शिल्लक असू शकतो.