जाडे म्हणून आळशी नव्हे, चंचल म्हणून ढ नव्हे!

मालाडच्या मालवणीत, कुरार गावच्या चाळींत पालकांशी बोलताना आमच्या कानी दोन तक्रारी हमखास पडतात. "पोरगं एका जागी बसत नाही," ही एक आणि "नुसतं खातंय, फुगत चाललंय," ही दुसरी. या दोन्हींचा एकमेकींशी संबंध असू शकतो, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

लक्ष न टिकणे, सतत चुळबुळ, विचार न करता काहीतरी करून बसणे ही लक्षणे वयाच्या 12 वर्षांआधी सुरू झाली, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसली व सहा महिन्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टर 'एडीएचडी' या विकाराची तपासणी करतात. जगात शंभरातल्या सुमारे 5 मुलांना तो असतो. हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे, आईबापांच्या वळणाचा दोष नव्हे.

संशोधकांनी 42 अभ्यास एकत्र तपासून 2016 साली निष्कर्ष मांडला. हा विकार असलेल्या मुलांत लठ्ठपणाचे प्रमाण 10.3 टक्के, तर नसलेल्यांत 7.4 टक्के आढळले. म्हणजे जाड मूल दिसले की त्याला हा विकार आहेच, असे मुळीच नाही. पण संबंध आहे. मनाला आवर घालणे ज्याला जड जाते, त्याचा हात पोट भरल्यावरही वेफर्सच्या पुडीकडे जातो. उलट, वजन फार वाढले की काही मुले घोरतात, झोप तुटते आणि वर्गात लक्ष लागत नाही.

आपल्या वस्त्यांत दुसरी बाजूही आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरातल्या जवळजवळ 69 मुलांत रक्त कमी आढळले. लोह कमी पडलेले किडकिडीत मूलही वर्गात पेंगते, चिडते. बाहेरून दोघेही सारखेच 'ढ' दिसतात!

मग काय करावे? मुलाची उंची, वजन आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. कांदिवलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर (शताब्दी) रुग्णालय आपल्याला जवळ आहे. शीवच्या लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयांत बालरोग व मानसोपचार विभाग आहेत. मूल घोरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. काही औषधांनी भूक मंदावते, म्हणून उपचार सुरू असताना वजनावर नजर हवी आणि औषध मनाने बंद करू नये.

घरी शाळकरी मुलाला रात्री किमान नऊ तास झोप मिळावी. उसळ, पालेभाजी, अंडे ताटात असावे, वर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. रोज तासभर मैदानावर खेळू द्यावे.

माता-भगिनींनो, 'जाड्या', 'माठ' म्हणून हिणवलेले मूल आधी मागच्या बाकावर जाते आणि मग शाळेतूनच बाहेर पडते. छडीने वजन उतरत नाही, लक्षही लागत नाही. या महिन्यात एक सकाळ काढा, पोराला दवाखान्यात दाखवून आणा.