सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि मोबाइल, टीव्ही बंद होतात. साडेआठला पुन्हा वाजला की चालू. करोनाकाळात ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, तेव्हा ग्रामपंचायतीने हा मार्ग काढला. सुरुवातीला आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका घरोघर फिरून लोकांना समजावत होत्या. खरी गंमत अशी, की बंदी मोठ्यांनाही आहे. आई मालिकेत आणि बाबा रील्समध्ये रमले असतील, तर ‘अभ्यासाला बस’ कोण ऐकणार?

ऑस्ट्रेलियाने दुसरा रस्ता धरला. 10 डिसेंबर 2025 पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब अशा ठिकाणी खाते ठेवता येत नाही. दंड मुलांना वा पालकांना नाही, कंपन्यांना आहे. व्हॉट्सॲप मात्र यातून वगळले आहे.

आपल्याकडे 2023च्या विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. पण खोटी जन्मतारीख टाकायला कितीसा वेळ लागतो? शाळांचे तर आणखी विचित्र. वर्गात मोबाइल आणला की जप्त, आणि गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर! तो निदान वहीत उतरवून दिला, तरी संध्याकाळी मोबाइल मागायचे एक कारण कमी होईल.