आंतरराष्ट्रीय बालकल्याण क्षेत्रातील नोकरी आणि सल्लागारी : वाट कोठून सुरू होते?

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे एक पत्र घेऊन आले. पत्रावर संयुक्त राष्ट्रसंघाचे निळे बोधचिन्ह होते. 'बालकल्याण अधिकारी' हे पद, परदेशातील नेमणूक आणि डोळे दिपतील असा पगार, सारे काही त्यात होते. शेवटी व्हिसा व वैद्यकीय तपासणीसाठी एका खात्यात रक्कम भरण्याची सूचना होती. पत्र इंग्रजीत असल्याने ते आमच्याकडून वाचून घ्यायला आले होते. पैसे मात्र आदल्या दिवशीच भरून झाले होते, आणि त्यासाठी बैलजोडी विकली गेली होती. ते पैसे परत मिळाले नाहीत. मुलाने समाजकार्याची पदवी चांगल्या गुणांनी मिळवली होती. या क्षेत्राची दारे कोठे आहेत हे त्याला कोणीच सांगितले नव्हते, आम्हीही नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हा लेख.

म्हणून पहिली गोष्ट पहिल्यांदा. युनिसेफ किंवा राष्ट्रसंघाची अन्य कोणतीही संस्था अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण यांपैकी भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर उमेदवाराकडून एक पैसाही घेत नाही. जागांच्या जाहिराती त्या त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर असतात आणि अर्जही तेथेच करायचा असतो. मुलाखतीशिवाय आलेले नेमणूकपत्र खोटेच समजावे.

आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे या क्षेत्राचा उगम सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पहिल्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी चालू ठेवलेल्या नाकेबंदीमुळे जर्मनी व ऑस्ट्रियातील मुले उपाशी मरत होती. एग्लन्टाइन जेब या इंग्रज बाईंनी लंडनमध्ये त्या मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके वाटली, म्हणून त्यांना अटक होऊन पाच पौंड दंड झाला. शत्रूच्या मुलांसाठी मदत मागणे हाच तो अपराध! त्याच वर्षी, १९१९ मध्ये, त्यांनी आपल्या बहिणीसह 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था स्थापन केली. जेबबाईंनी लिहिलेला बालहक्कांचा मसुदा १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने जिनिव्हा येथे स्वीकारला. दुसऱ्या महायुद्धानंतर ११ डिसेंबर १९४६ रोजी युनिसेफ जन्माला आली. तीही आरंभी युद्धग्रस्त मुलांसाठीची तात्पुरती सोय होती, १९५३ मध्ये ती कायम झाली. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क करार मंजूर केला आणि १९९२ मध्ये भारताने तो मान्य केला. या करारामुळे कामाचे स्वरूपच बदलले. दूध आणि कपडे वाटणाऱ्या संस्थांना आता कायदा जाणणारी, अहवाल लिहिणारी, शासनाशी बोलणारी माणसे लागू लागली. आजच्या नोकऱ्या या बदलातून निर्माण झाल्या आहेत.

या नोकऱ्यांचे प्रकार समजून घेतले पाहिजेत, कारण अनेक अर्ज चुकीच्या दारावर जातात. युनिसेफमध्ये आंतरराष्ट्रीय व्यावसायिक पदे असतात. त्यांची नेमणूक स्वतःच्या देशाबाहेर होते आणि काही वर्षांनी बदलीही होते. त्यांसाठी साधारणतः पदव्युत्तर पदवी आणि पदानुसार दोन, पाच, आठ किंवा अधिक वर्षांचा अनुभव मागतात. दुसरा प्रकार राष्ट्रीय अधिकाऱ्यांचा. ही पदे त्या त्या देशाच्या नागरिकांसाठीच राखलेली असतात; भारतातील अशा पदांसाठी भारतीयांचीच आपसांत स्पर्धा असते. युनिसेफचे महाराष्ट्रासाठीचे कार्यालय मुंबईत आहे. आपल्या मुलांसाठी हे दार न्यूयॉर्कपेक्षा जवळचे आहे, तरी बहुतेकांची नजर थेट न्यूयॉर्ककडे जाते. याशिवाय जर्मनीतील बॉन येथून चालणारा संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम आहे. त्यात निर्वाहभत्ता मिळतो आणि अनुभवाची नोंद होते. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो : या संस्थांमध्ये आपल्याकडील शासकीय सेवेसारखे आरक्षण नाही. अर्जातील मजकूर आणि मुलाखत यांवरच निवड ठरते.

सल्लागारी, म्हणजे ज्याला सर्रास कन्सल्टन्सी म्हणतात, ही वेगळीच गोष्ट आहे आणि तिच्याविषयी गैरसमज फार. सल्लागार हा कर्मचारी नसतो. संस्थेला एखादे ठराविक काम करून हवे असते. एखाद्या जिल्ह्यातील बालविवाहांचा अभ्यास, शिक्षकांसाठी प्रशिक्षण पुस्तिका, एखाद्या योजनेचे मूल्यमापन असे. त्या कामाची कक्षा सांगणारा मसुदा प्रसिद्ध होतो. उमेदवाराने दोन कागद द्यायचे असतात : काम कसे करणार याचा एक, आणि किती मोबदला घेणार याचा दुसरा. मुदत काही आठवड्यांपासून वर्षाच्या आत संपणारी असते. पैसे महिन्याच्या एक तारखेला येत नाहीत. ठरलेला मसुदा किंवा अहवाल सादर होऊन मान्य झाला की हप्ता मिळतो. निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, विमा बहुधा स्वतःचा स्वतः काढायचा आणि कर स्वतः भरायचा.

ज्याच्या घरी शिल्लक आहे त्याला हे परवडते. ज्याच्या पगारावर आईवडील, बहिणीचे शिक्षण आणि गावाकडचे कर्ज अवलंबून आहे, त्याने दिवसाचा दर ऐकून हुरळून जाऊ नये. वर्षातून किती महिने काम मिळेल, याचा हिशेब आधी मांडावा. निदान सहा महिन्यांचा घरखर्च गाठीशी असल्याखेरीज पक्की नोकरी सोडून सल्लागारीत उतरू नये, असे आमचे मत आहे. त्यातच २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीत मोठी कपात केली आणि जगभरातील अनेक संस्थांनी माणसे कमी केली. आजचे अनुभवी बेकार आणि उद्याचे नवे उमेदवार त्याच जागांसाठी उभे आहेत.

मग सुरुवात कोठून करावी? आमचे उत्तर काहींना निराशाजनक वाटेल : आपल्याच जिल्ह्यातून. मिशन वात्सल्य योजनेखाली प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष असतो. तेथे संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, क्षेत्रीय कार्यकर्ता अशी कंत्राटी पदे असतात. मानधन बेताचे आणि काम जिकिरीचे. पण बालकल्याण समितीसमोर मुलाला उभे करणे, त्याच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल लिहिणे, पोक्सोच्या प्रकरणात मुलीसोबत न्यायालयात बसणे, हा अनुभव कोणत्याही वर्गात मिळत नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या कार्यकर्त्याला स्थलांतरित मुलांविषयी जे ठाऊक असते, ते ठाऊक करून घेण्यासाठीच पुढे संस्था सल्लागार नेमतात.

महाराष्ट्रातील काम थेट जगापर्यंत पोहोचल्याचे उदाहरणही आहे. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झाली. रस्त्यावरच्या मुलांना रात्री-अपरात्री फोन करता यावा एवढाच आरंभीचा हेतू. ती उभारणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांनीच २००३ मध्ये 'चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल' स्थापन केली आणि देशोदेशींच्या मदतवाहिन्या एकत्र आल्या.

अर्जात आपली मुले कोठे कमी पडतात, हे आम्ही पाहिले आहे. 'मी मेहनती आणि प्रामाणिक आहे' असे लिहितात. 'दोन वर्षांत चाळीस मुलांचे गृहभेट अहवाल लिहिले आणि त्यांपैकी इतकी मुले शाळेत परतली' असे लिहीत नाहीत. मुलाखतीत प्रसंग विचारतात : काय घडले, तुमची जबाबदारी काय होती, तुम्ही स्वतः काय केले, त्यातून काय निष्पन्न झाले. 'आम्ही केले' असे उत्तर तेथे चालत नाही, 'मी' म्हणावे लागते. आपल्या संस्कारात वाढलेल्या मुलांना ते जड जाते, म्हणून सराव हवा. (हा लेख लिहिताना आम्हालाही 'आम्ही' सोडवत नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.) कामाच्या नोंदी पहिल्या दिवसापासून वहीत ठेवाव्यात. इंग्रजी लेखन नेटके असावे. पश्चिम आफ्रिकेत जाण्याची इच्छा असेल तर फ्रेंच शिकावी. तेथील कित्येक देशांत तिच्यावाचून काम अडते.

शिक्षणासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी ही नेहमीची वाट. पण सार्वजनिक आरोग्य, कायदा, शिक्षणशास्त्र, संख्याशास्त्र यांतूनही या क्षेत्रात माणसे येतात. परदेशी शिकण्यासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. दोहोंच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी. कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांपाशी आहे, ती प्रमाणपत्रावर नसते. मुलांचे संगोपन शक्यतो कुटुंबातच व्हावे आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, अशी आंतरराष्ट्रीय धोरणाची दिशा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये त्याबाबत मार्गदर्शक तत्त्वेही मान्य केली. ही दिशा योग्यच आहे. पण ज्या गावात सातवीनंतर शाळा नाही, जेथे आईवडील सहा महिने फडावर असतात, तेथे वसतिगृहाचे दार बंद झाले तर त्या मुलीचे काय होते, हे धोरण लिहिणाऱ्यांच्या खोलीत कोणीतरी सांगायला हवे. वसतिगृहातील पहिल्या रात्रीचे रडणे आणि त्याच वसतिगृहामुळे पूर्ण झालेले शिक्षण, दोन्ही आपल्या माजी विद्यार्थ्यांनी अनुभवले आहे. संस्थेतले मूल कशाने कोमेजते आणि कशाने उभे राहते, हे त्यांना विचारावे लागत नाही.

ज्यांना अर्ज करावयाचा आहे त्यांनी तो पाठवण्यापूर्वी आम्हाला अवश्य दाखवावा. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही शाळेच्या ग्रंथालयात बसतो. नेमणुकीचे पत्र आले असेल आणि त्यात पैसे मागितले असतील, तर मात्र रविवारची वाट पाहू नये. त्याच दिवशी यावे, पैसे भरण्याआधी.