कोळसून : रानांतील एकत्र कुटुंब

कांहीं प्राणी असे अभागी असतात कीं, त्यांची ओळख होण्यापूर्वींच त्यांची अपकीर्ति आपल्या कानांवर येते. कोळसून हा त्यांपैकींच एक. त्याला कोठें कोळशिंदा म्हणतात, कोठें नुसतें रानकुत्रा म्हणतात. वनखात्याच्या कागदोपत्रीं 'ढोल' हेंहि नांव आढळतें. तो टोळीनें आला कीं वाघसुद्धां वाट सोडतो, आणि तो भक्ष्याला जिवंतपणींच फाडून खातो, या दोन गोष्टींपलीकडे त्याच्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. शेपटीवर मूत्र घेऊन तें तो सावजाच्या डोळ्यांत उडवितो व त्याला आंधळें करितो, अशीहि एक समजूत खेडोपाडीं चालत आलेली आहे. तिला शास्त्राचा कांहीं आधार नाहीं. परंतु ज्यांनीं या प्राण्याचा संसार जवळून पाहिला, त्यांनीं सांगितलेली हकीकत अगदीं निराळी आहे, आणि एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना ती विशेष ओळखीची वाटेल.

परभणी जिल्ह्यांतील वाचक येथें सहजच म्हणतील, "आमच्याकडे रान आहे कोठें?" आणि तें खरेंच आहे. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या कांठची ही काळी कसदार जमीन. ज्वारी, कापूस व सोयाबीन यांनीं ती बांधापासून बांधापर्यंत व्यापलेली. जिंतूरकडील डोंगर सोडले तर झाडोरा असा थोडाच. सगळ्या महाराष्ट्रांत ज्या जिल्ह्यांत वनांचें प्रमाण अत्यंत कमी, त्यांत परभणीची गणना होते. आपल्या शिवारांत श्वानकुळांतील जे रानटी प्राणी राहतात ते म्हणजे कोल्हा, खोकड आणि माळरानावरचा लांडगा. कोळसुनाला मात्र दाट रान लागतें, पाणी लागतें, आणि हरणांचे कळप लागतात. त्यामुळें त्याची भेट घ्यावयाची तर पूर्वेकडे विदर्भांत, नाहीं तर पश्चिमेकडे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जावें लागतें. तरीहि हा प्राणी आपल्याला परका नाहीं, हें एका जुन्या नोंदीवरून दिसून येतें.

विल्यम हेन्री साइक्स नांवाचे एक इंग्रज लष्करी अधिकारी मुंबई सरकारच्या नोकरींत असतां दख्खनची पाहणी करीत हिंडले. या प्रदेशांतील सस्तन प्राण्यांची जी यादी त्यांनीं १८३१ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढें मांडली, तींत या रानकुत्र्याचें वर्णन आहे. त्याला त्यांनीं शास्त्रीय नांव दिलें तें दख्खनवरून, आणि मराठे लोक त्याला 'कोळसून' म्हणतात हेंहि नमूद केलें. माळावरच्या लांडग्याचें शास्त्रीय वर्णनहि त्याच यादींतलें. पुढें १८९५ सालीं रुडयार्ड किपलिंग यानें आपल्या जंगलकथांच्या दुसऱ्या पुस्तकांत तांबड्या कुत्र्यांची जी भयंकर धाड रंगविली, तीहि दख्खनमधूनच आलेली दाखविली. म्हणजे या प्राण्याची कीर्ति आणि अपकीर्ति या दोहोंवरहि आपल्याच प्रांताचा शिक्का आहे.

कोळसून दिसावयास गांवच्या मध्यम कुत्र्याएवढा. वजन बहुधा १२ ते २० किलो. अंगावर तांबूस विटकरी केंस, कान गोलसर, आणि शेपूट काळी व झुबकेदार. तथापि तो आपल्या पाळीव कुत्र्याचा सख्खा भाऊ नव्हे. कुत्रा, लांडगा व कोल्हा यांच्या तोंडांत ४२ दांत असतात. याच्या खालच्या जबड्यांत दोन्ही बाजूंची एकेक दाढ कमी, म्हणून त्याचे दांत ४०. तो गांवकुत्र्यासारखा भुंकत बसत नाहीं. रानांत पांगलेले गडी एकत्र करावयाचे असले म्हणजे तो शीळ घालतो. दाट झाडींत, जेथें दहा पावलांवरचें दिसत नाहीं, तेथें ही शीळच टोळीला बांधून ठेवते.

या टोळीची रचना पाहण्यासारखी आहे. साधारणतः पांचपासून बारापर्यंत प्राणी एकत्र राहतात; क्वचित् ही संख्या वीसांच्याहि पुढें जाते. त्यांत प्रजोत्पत्ति करणारी जोडी बहुधा एकच असते. बाकीचे म्हणजे त्या जोडीचीं मोठीं झालेलीं मुलें, भाऊबंद व इतर आप्त. मध्य भारतांत हिंवाळ्याच्या सुमारास मादी एखाद्या कपारींत किंवा बिळांत वितें. त्या दिवसापासून सगळ्या टोळीचा दिनक्रम त्या बिळाभोंवतीं फिरूं लागतो. कोणी शिकारीला जातात, कोणी पिलांवर पहारा करीत मागें राहतात. शिकारीहून परतलेले गडी पोटांत सांठवून आणलेलें मांस ओकून पिलांना भरवितात. बाळंतिणीला आणि राखणदारालाहि त्यांतला वांटा मिळतो. आपलें स्वतःचें पिलूं नाहीं म्हणून कोणी अंग चोरीत नाहीं. पुढें पिलें टोळीबरोबर हिंडूं लागलीं म्हणजे शिकारीवर पहिला हक्क त्यांचा. दमून-भागून सावज पाडणारे थोर प्राणी बाजूला राहतात आणि लहानग्यांना आधीं खाऊं देतात. सिंहाच्या कळपांत याच्या उलट प्रकार असतो. तेथें बलवानाचें पोट आधीं भरतें आणि टंचाईच्या दिवसांत छाव्यांची उपासमार होते. मुलांची पंगत आधीं उठवावी हा आपल्या घरांतला दंडक रानांत कोणी पाळीत असेल तर तो या बदनाम प्राण्यानें.

ही माहिती ऐकीव नव्हे. दक्षिणेंत बंदीपूरच्या रानांत ए. जे. टी. जॉनसिंह या शास्त्रज्ञांनीं १९७६ ते १९७८ या काळांत रानकुत्र्यांच्या मागें पायपीट करून त्यांचा अभ्यास केला. भारतीय शास्त्रज्ञानें मोठ्या वन्य प्राण्याचा रानांत राहून केलेल्या आरंभींच्या अभ्यासांत त्याची गणना होते. जॉनसिंह २०२४ सालीं निवर्तले. आपल्याकडे मारुती चितमपल्ली यांनीं नवेगांव, नागझिरा व मेळघाट येथील वनसेवेच्या काळांत रानाचें जीवन पाहिलें आणि तें मराठी घरांत पोंचविलें. तेहि जून २०२५ मध्यें आपल्यांतून गेले.

आतां क्रौर्याच्या आरोपाविषयीं. वाघ किंवा बिबट्या भक्ष्याचा गळा धरून त्याला गुदमरवितो. कोळसुनाच्या अंगीं तेवढें बळ नाहीं. आपल्या कित्येक पट वजनाचें सांबर पाडावयाचें तर अनेकांनीं मिळून मागून व बाजूनें लचके तोडणें एवढाच मार्ग निसर्गानें त्याला दिला आहे. तें दृश्य पाहवत नाहीं हें खरें. पण रक्तस्रावानें सावजाचा अंत पुष्कळदां कांहीं मिनिटांतच होतो. शिवाय हा प्राणी मौजेखातर मारीत नाहीं. घरीं वाट पाहणाऱ्या तोंडांसाठीं मारतो. माणसावर त्यानें हल्ला केल्याचीं उदाहरणें जवळजवळ नाहींतच. असें असतां त्याला क्रूर ठरविलें कोणी? ज्यांना चितळें व सांबरें स्वतःच्या बंदुकीसाठीं राखून ठेवावयाचीं होतीं, त्या शिकाऱ्यांचा यांत मोठा वांटा आहे. इंग्रजी अमदानींत रानकुत्रा मारणाराला सरकारांतून बक्षीस मिळे, आणि ही बक्षिसाची चाल स्वातंत्र्यानंतरहि चालूच राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती बंद झाली. वाघ मारणें हा पराक्रम आणि कोळसून मारणें हें पुण्यकर्म, अशी त्या काळची विचित्र नीति होती.

त्याचे परिणाम आज डोळ्यांसमोर आहेत. एके काळीं सैबेरियाच्या दक्षिणेपासून जावा बेटापर्यंत पसरलेला हा प्राणी आपल्या बहुतेक मुलखांतून नाहींसा झाला. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१५ सालीं केलेल्या अंदाजाप्रमाणें साऱ्या जगांत ४,५०० ते १०,५०० रानकुत्रे उरले असून त्यांतले प्रजोत्पत्ति करणारे अवघे ९४९ ते २,२१५ आहेत. हा दुसरा आंकडा एवढा लहान कां, याचें उत्तर वर सांगितलेल्या कुटुंबपद्धतींतच आहे. दहा जणांच्या टोळींत वंश वाढविणारी जोडी एक, आणि बाकीचे आठ तिचे मदतनीस. म्हणून कोळसून मोजावयाचे ते डोक्यांनीं नव्हे, तर चुलींनीं मोजले पाहिजेत. विषारी मांस घातलें तर एक प्राणी मरत नाहीं, एका पंक्तीला जेवणारें सगळें घर मरतें. आणि शिकारीचे हात कमी झाले कीं उरलेल्यांना पिलें जगविणें जड जातें. एकत्र कुटुंबाचें जें बळ, तोच त्याचा दुबळेपणाहि ठरतो.

महाराष्ट्रांत आज मेळघाट, पेंच, ताडोबा-अंधारी, नवेगांव-नागझिरा आणि सह्याद्रि या व्याघ्रप्रकल्पांत कोळसून नांदत आहेत. दक्षिणेकडे तिळारीच्या रानांतहि त्यांचा वावर आहे. पण हीं रानें म्हणजे शेतें, गांवें व रस्ते यांच्या समुद्रांतलीं बेटें. घरांतलीं मुलें वयांत आलीं कीं त्यांना नवा संसार मांडण्यासाठीं दुसऱ्या रानांत जावें लागतें, आणि ती वाट तुटली तर रक्ताचा नवा संबंध जडत नाहीं. या दृष्टीनें पेंचच्या रानांतून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावरचा प्रयोग मननीय आहे. तेथें महाराष्ट्राच्या हद्दींत प्राण्यांना रस्त्याखालून जातां यावें म्हणून नऊ ठिकाणीं मार्ग ठेवले आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेनें २०१९ सालीं तेथें कॅमेरे लावून पाहिलें, तेव्हां १८ जातींचे वन्य प्राणी त्या मार्गांनीं ये-जा करतांना आढळले. त्यांत वाघाबरोबर रानकुत्रेहि होते. वाट ठेवली तर ते ती वापरतात, एवढें यावरून सिद्ध झालें.

दुसरा धोका मात्र रस्त्यासारखा डोळ्यांना दिसत नाहीं. तो आपल्या दारांतल्या कुत्र्याच्या पावलांनीं रानांत शिरतो. पिसाळ, डिस्टेंपर व पार्व्हो हे कुत्र्यांचे रोग श्वानकुळांतील रानटी प्राण्यांनाहि जडतात. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोंवतीं मोकाट कुत्र्यांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हां दहांपैकीं नऊंच्या आसपास कुत्र्यांना डिस्टेंपर व पार्व्हो यांचा संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा सांपडल्या. २०१८ सालीं गीरच्या रानांत वीसांहून अधिक सिंह दगावले, त्या वेळीं डिस्टेंपरचा विषाणु आढळून आला होता. आफ्रिकेंतील चित्रविचित्र ठिपक्यांचा रानकुत्रा हा कोळसुनाचा दूरचा भाऊबंद. त्याच्या पुढच्या पायांस बोटें चारच असतात, रूपहि वेगळें; पण कुटुंबाची रीत तीच. मादी बहुधा एक, पिलांचें संगोपन सर्वांचें, आणि पहिला घांस लहानांचा. त्यांची एकूण संख्या आज सुमारें ६,६०० मानली जाते. टांझानियांतील सेरेंगेटीच्या मैदानावरून त्यांच्या ज्ञात टोळ्या १९९१ सालपर्यंत नाहींशा झाल्या, आणि त्या नाशांत पिसाळ रोगाचा मोठा हात असावा असें अनेक शास्त्रज्ञ मानतात. जे प्राणी एकमेकांस भरवितात, चाटतात, एका बिळांत निजतात, त्यांच्यांत रोग शिरला कीं तो घरभर पसरतो. सांथीच्या दिवसांत मोठ्या वाड्यांची काय दशा होते, हें आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना सांगावयास नको.

मग आपल्यासारख्या गृहस्थांनीं यांत काय करावयाचें? विशाखापट्टणच्या प्राणिसंग्रहालयांत २०१४ पासून रानकुत्र्यांच्या संवर्धित पैदाशीचें केंद्र आहे, तें शास्त्रज्ञांचें काम. आपलीं कामें साधीं आहेत. घरचें कुत्रें असो वा शेतावरचें, त्याला वेळच्या वेळीं लस टोंचून घ्यावी. परभणीसारख्या बिनरानाच्या जिल्ह्यांतहि ही गोष्ट वायां जात नाहीं, कारण आपल्या लांडग्याला व खोकडाला तेच रोग होतात. रानालगत आप्तेष्टांची शेती असल्यास त्यांना सांगावें कीं, गुरूं मारलें गेलें तर मेलेल्या अंगावर विष घालूं नका. शासनाच्या नुकसानभरपाईच्या यादींत वाघ-बिबट्याबरोबर रानकुत्र्याचेंहि नांव आहे, पंचनामा करून घ्या. आणि सुटींत मुलाबाळांना घेऊन ताडोब्याला गेलांत, तर वाघ दिसला नाहीं म्हणून गाडीवानावर रागावूं नका. सकाळच्या उन्हांत पाणवठ्याकांठीं तांबूस अंगाचे, काळ्या शेपटीचे चार-सहा प्राणी एकमेकांशीं खेळतांना दिसले तर गाडी थांबवावयास सांगा. लेकरांना त्यांतील पिलें दाखवा, आणि पिलें जेवेपर्यंत थोरले कसे बाजूला थांबतात हेंहि सांगा. ज्या घरांत मुलें आधीं जेवतात त्या घराची पोरांना ओळख पटली, म्हणजे तें घर मोडावें असें त्यांना कधींच वाटणार नाहीं.